आभाळाची नाकेदारीण

अगं नाकेदारीण,

दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही आणि कोणाचं लग्नही ठरलेलं नाही. तुझ्यावर लिहायला बसले आहे, म्हणून आधी तुला कळवते. "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं, वन्सं?" असं तू म्हणशील. ते ऐकून घेतलं असं समज. धाकटा वाचेल म्हणूनही घाबरू नकोस. घरातल्या बायकांनी लिहिलेलं काहीही वाचायचं नाही हा नेम माझ्या भावाने जन्मभर पाळला आहे, आणि त्या नेमाचं फळ कोणाच्या पदरी पडलं ते पुढे येणारच आहे.

अडचण एकच. तुझी गोष्ट तुलाच "तू, तू" करून सांगायला लागले तर दर वाक्याला तू "तसं नव्हतं हो" म्हणून मान हलवशील. म्हणून आता तुला "ती" म्हणते. गोष्टीत मीही आहे, तर मलाही "नणंद" म्हणते. नणंदेला नावं ठेवायची आयती सोय झाली. आता गप्प बस आणि ऐक.

नाकेदारीण हे नाव तिला डिश लावून फिरणाऱ्या गाड्यांवरच्या लोकांनी दिलं. शहराच्या कडेला, कुंपणाच्या आत, मोठमोठ्या पांढऱ्या डिश आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात, त्या केंद्रात ती नोकरीला होती. उपग्रह म्हणजे उंच टांगलेला आरसा समजा. खालून चित्र, आवाज, जे काही फेकाल ते तो दुसरीकडे खाली सोडतो. पण आरसा एक आणि तोंडं शेकडो. बातम्यांच्या गाड्या, जहाजं, बँका, आडगावची इस्पितळं, सगळ्यांना त्याच्यातच बघायचं असतं. मग प्रत्येकाला एकेक पट्टा आखून द्यायचा. इथपासून इथपर्यंतची फ्रिक्वेन्सी तुझी, पलीकडे पाय टाकायचा नाही, आणि दिलेल्या वेळात आटपायचं. ही वाटणी करायची तिने.

तिला विचारल्याशिवाय कोणी वर जायचं नाही, हा त्या धंद्याचा नियम. आधी फोन करायचा. मग कोरा सिग्नल वर पाठवायचा, म्हणजे ज्यात ना आवाज ना चित्र, नुसता उभा दांडा. तो तिच्या स्क्रीनवर उगवला की ती त्याची उंची बघणार, जागा बघणार, शेजाऱ्याला धक्का लागत नाही ना ते बघणार. ती "बोल" म्हणाली की मगच बोलायचं.

"नाकेदारीणबाई, दार उघडता का?"

"कोण?"

"डोळेवाला. एवढं गोड दुसरं कोण बोलणार?"

"गोड राहू दे. कोरा पाठव. सावकाश. काठोकाठ भरलेली बादली घेऊन जिना चढतोयस असं समज."

"आलो का?"

"आलास, पण एक पाय शेजारच्या अंगणात आहे. डिशचं तोंड जरा फिरव. अजून. अरे, अजून म्हटलं की गरगर फिरवायचं नसतं! हां. थांब. आता बोल."

डोळेवाला म्हणजे डोळे तपासणारी गाडी खेडोपाडी फिरवणारा माणूस. गाडीत डॉक्टर नसायचा, मशीन असायचं. लोक रांगेत यायचे, मशीन बुबुळाच्या आतले फोटो काढायचं, ते उपग्रहावरून मोठ्या इस्पितळात जायचे, आणि तिथे बसलेला डॉक्टर सांगायचा की कोणाला ऑपरेशन, कोणाला थेंब, कोणाला नुसता चष्मा. डोळेवाल्याची आणि तिची कधी भेट झाली नव्हती. पण तो जेवून बोलतोय की उपाशी, हे तिला त्याच्या "हॅलो"वरून कळायचं.

तिच्या खोलीला खिडकी नव्हती. स्क्रीनवर उजेड पडायला नको म्हणून नव्हतीच ठेवलेली. मशीनं थंड राहावीत म्हणून एसी असा की ती बाराही महिने स्वेटर घालून बसायची. घड्याळही आपल्या वेळेचं नाही, साऱ्या जगाने मानलेल्या वेळेचं. त्यामुळे भिंतीवर भलतंच काहीतरी वाजलेलं असायचं आणि पोट वेगळंच सांगायचं. मोबाइल फाटकावर जमा करायचा. समोर हिरवी रेघ आणि त्या रेघेवर उभे ते दांडे. मध्येच परवानगी नसलेलं काहीतरी उगवलं की त्याला त्या खोलीत "तण" म्हणत. तण दिसलं की कोणाच्या बियाणातून आलं ते शोधायचं आणि उपटायचं. असं तिने उमेदीचं सगळं आयुष्य केलं. दिवसभर दुसऱ्यांना वाट द्यायची, आणि स्वतः त्या खुर्चीत.

संध्याकाळी सुटून ती घरी जायची म्हणजे कुंपणाच्या एका फाटकातून दुसऱ्या फाटकात. कर्मचाऱ्यांची वसाहत केंद्राला लागूनच होती. चौथा मजला. घरात धाकटा वाट बघत असायचा.

धाकटा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता. कागद कापायच्या मशीनच्या खडखडाटाने त्याचे कान गेले आणि तो घरी बसला. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यातून भांडी ऐकू यायची आणि माणसं यायची नाहीत, म्हणून ते कपाटात गेलं. तो चेहरा वाचायचा. समोरच्याचे ओठ, भुवया, गाल सगळं मिळून त्याला वाक्य कळायचं. त्यामुळे त्या घरात पाठ फिरवून पुटपुटायची सोय नव्हती. रागावायचं तरी समोर येऊन, उजेडात, तोंड नीट दाखवून रागवायचं. करून बघा एकदा. भांडण टिकत नाही.

आणि तो गोड होता. वाईट नवऱ्याच्या हातून बाईला सुटता येतं, चार माणसं मदतीला धावतात. गोड नवऱ्याचं काय करणार? ती आल्याशिवाय तो जेवायचा नाही. तिच्या बुटांचे बंद सैल करून ठेवायचा. ती दमून डोळे मिटून बसली तर समोर येऊन बसायचा आणि डोळे उघडायची वाट बघायचा, कारण डोळे मिटलेल्या माणसाशी त्याला बोलता येत नसे. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंत!" ती हसायची. दिवसभर स्क्रीनवरून नजर हलवायची नाही आणि घरी त्याच्या चेहऱ्यावरून. कधी कधी ती न्हाणीघरात नळ सोडून नुसती भिंतीकडे बघत उभी राहायची. हे तिने नणंदेला सांगितलं तेव्हा नणंद म्हणाली, "मग भांड ना त्याच्याशी." ती म्हणाली, "कशावरून भांडू, वन्सं?"

तिला एकच गोष्ट हवी होती. दूर उघड्या मैदानात त्यांच्याच खात्याचं दुसरं केंद्र होतं. तरुणपणी ती तिथे शिकायला गेली होती. तिथे एका डिशकडून दुसऱ्या डिशकडे चालत जावं लागतं. वारा असा की हातातले कागद छातीशी धरून चालायचं. गवतातून ससे निघतात आणि डिशच्या सावलीत बसतात. खोलीला खिडकी, आणि खिडकीतून बघायला काहीही नाही, नुसतं लांबवर पसरलेलं. ती ते ससे कधी विसरली नाही. नोकरीची शेवटची थोडी वर्षं राहिली असताना तिथली प्रमुखाची जागा निघाली आणि तिने अर्ज केला. तिथले साहेब निवृत्त होणार होते, त्यांच्या पसंतीने माणूस ठरणार होता. ते फोनवर म्हणाले, "तुमचं काम मला ठाऊक आहे. महिनाभरात कळवतो. तोवर फक्त गडबड काही होऊ देऊ नका."

धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जा की! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आणि त्या दिवशी ताटातलं अर्धं तसंच टाकून उठला. म्हणाला, "तू नसशील तेव्हा भूक कशी लागेल याचा विचार करत होतो." त्यात कावा असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

खरी अडचण वेगळी होती. ती लांब गेली तर त्याने तिच्याशी बोलायचं कसं? फोनची घंटा त्याला कळावी म्हणून भिंतीवर लाल दिवा लावला होता, पण दिवा लागल्यावर उचलून ऐकणार काय? त्याला तोंड दिसायला हवं. व्हिडिओ कॉल करावा, तर वसाहतीत मोबाइलला रेंज नाही. केंद्रातल्या नाजूक डिशना त्रास नको म्हणून आसपास टॉवर उभारू देत नसत. वायरीचं इंटरनेट येणार, येणार म्हणून ऐकता ऐकता लोक म्हातारे झाले. साऱ्या जगाला जोडणाऱ्यांच्या घरात मुलाशी बोलायला गच्चीच्या कोपऱ्यात एका पायावर उभं राहावं लागायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. काही जण सिग्नल वाढवायचं यंत्र, बूस्टर, आणायचे. स्वस्तातलं ते यंत्र इतका गोंगाट करतं की शेजारच्या डिशला आभाळातलं ऐकूच येत नाही. म्हणून बूस्टर लावण्यावर बंदी होती. बंदीचं पत्रक इमारतीच्या जिन्यात लावलं होतं. खाली सही तिची.

तर तो महिना असा लटकत चालला होता आणि त्यातच तण उगवलं.

दुपारची वेळ. नेमकं डोळेवाल्याच्या पट्ट्यात हिरवी रेघ फुगली, तिच्यावर खरखरीत काटे आले. इस्पितळात फोटो पोचले ते ठिपक्याठिपक्यांचे. तिथला डॉक्टर फोनवर खेकसला, "हा मोतीबिंदू आहे की तुमचा सिग्नल?" थोड्या वेळाने तण आपोआप गेलं. दुसऱ्या दुपारी परत. कधी लवकर, कधी उशिरा, पण दुपारीच.

अशा वेळी पहिली गोष्ट काय करायची हे नवशिक्यालाही शिकवतात. मैदानातल्या केंद्राला तोच उपग्रह दिसतो. त्यांना एक फोन करायचा. तण त्यांनाही दिसलं तर ते कोणीतरी खालून वर पाठवतंय. त्यांना दिसलं नाही तर ते तुमच्याच अंगणात आहे. एवढं सरळ. तिने तो फोन केला नाही. फोन उचलणार होते तेच साहेब, ज्यांनी गडबड होऊ देऊ नका म्हटलं होतं. त्यांना काय सांगायचं, मला एक तण सापडत नाही? हात रिसीव्हरपर्यंत जायचा आणि परत यायचा. कळवायचा महिना संपू दे, मग विचारू, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्याऐवजी तिने लांबची वाट धरली. आजूबाजूच्या पट्ट्यांवरच्या प्रत्येकाला फोन करून मिनिटभर सिग्नल बंद करायला लावायचं. ज्याच्या बंद होण्याने तण जाईल तो चोर. बँकवाला म्हणाला, "भर कामाच्या वेळी?" जहाजावरचा म्हणाला, "कप्तान माझी चामडी लोळवेल." तरी एकेकाने बंद केलं. तण जागच्या जागी. शेवटी उरला डोळेवाला.

"तूही बंद कर."

"वा, बाई! घर माझं फोडलं आणि बेड्याही मलाच?"

"एक मिनिट कर रे. नावाला."

त्याने बंद केलं, आणि तण गेलं. रेघ पाण्यासारखी सपाट.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. त्याला परत चालू करायला लावलं, तर तण आलं नाही. तिने हिशोब बसवला की याचं मशीन तापलं की बिघडतं, बंद केल्यावर थंड झालं. असं होतं कधी कधी. दुसऱ्या दुपारी तण पुन्हा उगवलं तेव्हा तिची खात्रीच पटली.

"तुझी परवानगी थांबवतेय. मशीन दुरुस्त करून आण, मग दार उघडते."

"बाई, माझं मशीन ठणठणीत आहे. आणि इथे शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्यांची रांग लागलीय. दोन डोंगर चालून आलेत."

"त्यांना सांग, मशीन बिघडलंय."

"खोटं सांगू?"

"माझं नाव सांग."

पुढचे काही दिवस रेघ स्वच्छ राहिली. इथले साहेब म्हणाले, "शाबास." अर्जावर मैदानातून अनुकूल शेरा येतोय अशी कुजबुजही कानावर आली. एका रात्री तिच्या स्वप्नात ससे आले.

आणि मग डोळेवाला बंद असतानाच तण परत आलं.

आता ज्याच्यावर आळ घालावा असा कोणी उरला नव्हता. तिने रिसीव्हर उचलला. मैदानातले साहेब म्हणाले, "आमच्याकडे? छे! रेघ आरशासारखी आहे. तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"बरेच दिवस."

"आणि विचारताय आज?"

तिने आभार मानून फोन ठेवला.

दुसऱ्या दुपारी ती डिशची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीला घेऊन बाहेर पडली. तो इतका उंच की सगळे त्याला उंट म्हणत. त्याच्या हातात कर्ण्यासारखा एक अँटेना होता आणि गळ्यात मीटर. कर्णा ज्या दिशेला धरला की मीटरचा काटा उसळेल त्या दिशेला चालत जायचं. भर दुपारी उन्हात यायची तिला सवय नव्हती, ती डोळ्यांवर हात धरून चालत होती. काटा आधी थोडा हलला, मग कुंपणाकडे उसळला.

"वसाहतीत आहे, मॅडम," उंट म्हणाला. "कोणीतरी बूस्टर लावलाय. आज त्याची धडगत नाही!"

"आधी सापडू दे."

पहिली इमारत मागे पडली. दुसरी पडली. तिसऱ्या इमारतीपाशी काटा शेवटच्या खुणेला जाऊन थरथरायला लागला. उंटाने कर्णा वर, आणखी वर, चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे धरला.

खिडकीत धाकटा होता. त्याने खाली बघितलं, बायको दिसली, आणि त्याचा चेहरा उजळला. कामाच्या दिवशी भर दुपारी बायको दिसण्याचा योग त्याच्या आयुष्यात कधी आला नव्हता. तो दोन्ही हात हलवायला लागला. एका हातात मोबाइल. कान गेलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे तो ओरडला ते अख्ख्या वसाहतीला ऐकू गेलं.

"अगं, बघ! ताई दिसतेय! अगदी स्वच्छ दिसतेय!"

आणि त्याने मोबाइलचं तोंड खाली वळवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला बसलेली नणंद त्या इवल्याशा पडद्यावरून हात हलवत होती. तिला कुठे काय ठाऊक? भावाने गळ घातली होती की रोज दुपारी व्हिडिओवर ये, मी सराव करतोय, हिला मात्र बोलू नकोस, जायच्या दिवशी गंमत करायची आहे. ती रोज यायची. गप्पा संपल्या की तो वीज फुकट जळायला नको म्हणून बूस्टर बंद करायचा. ज्या दिवशी डोळेवाल्याला बंद करायला लावलं, त्या दिवशी नणंदेच्या दारात गॅसवाला आला म्हणून ती "ठेव आता" म्हणाली, आणि धाकट्याने इकडे बटण दाबलं. मधले काही दिवस नणंद गुडघा दाखवायला परगावी गेली होती, म्हणून शाबासकी मिळाली.

मग उंटाने कर्णा हळूच जमिनीकडे वळवला.

"मॅडम, या मीटरची बॅटरी गेलीय."

"चांगली आहे बॅटरी."

"गेलीय म्हणतो ना. तुम्ही वर जा, ते काय आहे ते काढून टाका. मी काही बघितलं नाही. तण आलं तसं गेलं, असं लिहू. असं काय पहिल्यांदा होतंय?"

"आणि डोळेवाला?"

"त्याला म्हणायचं, मशीन सुधारलं बुवा तुझं."

ती खिडकीकडे बघत होती. धाकटा अजून हात हलवत होता. तिने एक हात वर केला, कारण नाही केला तर तो खाली उतरून आला असता.

"माझ्या सहीचं पत्रक आहे जिन्यात," ती म्हणाली. "आणि तो माणूस इतके दिवस चोर म्हणून बसलाय. चल."

वर गेली तेव्हा कॉल संपला होता, पण बूस्टरचं यंत्र अजून चालूच होतं. टेबलावर, तिच्या खुर्चीच्या समोर, मोबाइल ठेवायला धाकट्याने एक स्टँड केला होता. जाड पुठ्ठा, कडेने निळं बांधणीचं कापड, कोपरे असे दुमडलेले की जोड दिसू नये. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवतात तशी छोटी दोरीसुद्धा लावली होती.

"आधीच कळलं तुला!" तो म्हणाला. "आता ऐक. तू तिकडे जायचंस, रात्री जेवायला बसायचंस, फोन समोर ठेवायचा. मी इथे, तू तिथे. ताईचा घाससुद्धा दिसतो मला. काय खाते ते कळतं. तुझं बोलणं तर मला अंधारातही कळेल. तू निर्धास्त जा. नाही म्हणू नकोस आता."

तिने यंत्राकडे बोट केलं. "हे बंद करा."

"का? तापलंय?"

ती त्याच्यासमोर उभी होती, उजेडात. "हो," ती म्हणाली. "तापलंय."

ऑफिसात जाऊन तिने अहवाल लिहिला. कारण बूस्टर. ठिकाण वसाहत, इमारत तिसरी, मजला चौथा. राहणार स्वतः. साहेबांनी वाचून कपाळाला हात लावला.

"'वसाहतीतून' एवढं लिहून भागलं असतं, बाई!"

"कोणती इमारत, कोणतं घर, हे मी दरवेळी दुसऱ्यांना विचारते."

"लोकांना विचारायचं वेगळं. आता चौकशी लागेल. चौकशी संपेपर्यंत बदली नाही, आणि ती जागा तोवर थांबायची नाही."

थांबली नाहीच. मैदानातल्या साहेबांनी फोन केला, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "बूस्टरचं मनाला लावून घेऊ नका. नवरे आणतात काहीबाही. मला खटकलं ते एवढंच की तुम्ही विचारायला उशीर केलात." ती "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नवऱ्याच्या माथी मारता येईल असंही त्यात काही नव्हतं.

डोळेवाल्याला तिने अहवालाच्याही आधी फोन केला होता. "चूक तुझी नव्हती, माझी होती. दार उघडं आहे."

तो म्हणाला, "त्या गावची रांग मोडली, मॅडम. परत फिरले म्हातारे. आता त्यांना कोण बोलावणार, तुम्ही?" तो पुन्हा कामाला लागला, कोरा सिग्नल पूर्वीसारखाच सांभाळून पाठवायचा. पण नाकेदारीणबाई म्हणून त्याने तिला परत कधी हाक मारली नाही. मॅडमच म्हणायचा.

घरी तिने सांगितलं, "मी जात नाही. जागा दुसऱ्याला मिळाली."

चेहरे वाचायची त्या घरात दोघांनाही सवय होती. धाकट्याच्या चेहऱ्यावर आधी जे आलं तो आनंद होता. निखळ, लहान मुलासारखा. मग त्याने तो आवरला आणि वर दुःख आणलं, तेही खरंच होतं. पण तिने पहिलं बघून घेतलं होतं.

"मूर्ख आहेत लेकाचे," तो म्हणाला. "तुझ्यासारखी कुठे मिळणार त्यांना? आणि आता या यंत्राचं काय करायचं?"

"वन्संना देऊ. त्यांच्याकडे रेंज नाही."

नणंदेच्या घरी रेंज इतकी आहे की शेजाऱ्यांचे फोनही तिच्याच बाल्कनीतून होतात. पण तो "हो, हो, ताईला देऊ" म्हणाला आणि स्वतःच्या हातांनी ते खोक्यात भरायला लागला. जागा का गेली ते त्याला आजवर कळलेलं नाही. जिन्यातलं पत्रक त्याने आधी वाचलं नव्हतं, नंतरही वाचलं नाही.

चौकशीत तिला लेखी समज मिळाली. पुढची सगळी वर्षं ती त्याच खोलीत, त्याच स्वेटरमध्ये बसली आणि तिथूनच निवृत्त झाली. समारंभात साहेब म्हणाले की या खुर्चीत बाईंशिवाय कोणाची कल्पनाच करवत नाही. टाळ्या पडल्या. ती निवृत्त झाली त्याच वर्षी वसाहतीत वायरीचं इंटरनेट आलं, आणि तेव्हा तिला आणि धाकट्याला ते घर सोडायचं होतं.

तर आता पुन्हा "तू".

तुझ्या नव्या घराला खिडक्या आहेत, दोन. तू पाठ करून बसतेस, कारण उजेड तुझ्या तोंडावर पडला तर त्याला वाचायला बरं पडतं, असं तू म्हणतेस. अगं, खिडकीकडे पाठ केली तर उजेड तोंडावर पडतो कसा? मी विचारलं नाही. निळ्या कापडाचा तो स्टँड टेबलावरच आहे. धाकटा त्यात वर्तमानपत्र लावतो आणि पलीकडून तुला बातम्या वाचून दाखवतो, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा.

खोक्यात भरलेलं ते यंत्र न्यायला मी आले होते, त्या दिवशी तू बस थांब्यापर्यंत मला सोडायला आलीस. खोक्याची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "वन्सं, हे दुकानात परत करून टाकू. दोघी मिळून जाऊ, मला एकटीला नाही जमायचं." मी म्हटलं, बुधवारी जाऊ. त्या बुधवारी तुझी पाळी बदलली. पुढच्या बुधवारी माझा गुडघा. नंतर कधी तू विषय काढलास तर मी दुसरं काहीतरी बोलले, कधी मी काढला तर तू चहा टाकायला उठलीस. मला वाटतं, आपण दोघींनी त्या दुकानदाराचा प्रश्न आधीच ऐकला होता. तो खोकं उघडणार, यंत्र उलटसुलट करून बघणार आणि विचारणार, "बिघाड काय आहे, बाई?"

खोकं माझ्या कपाटावर आहे. येत्या बुधवारी तुला जमेल का?